मागचं, आजचं, पुढचं

महिनाभर आक्काने कुणाला टोमणा मारला नव्हता, आणि त्यामुळे घरात सगळ्यांनाच चुकल्याचुकल्यासारखं होत होतं.

धाकटे भाऊजी बस डेपोतून आले ते मुद्दाम चिखलाचे बूट घेऊन थेट इस्त्रीच्या टेबलापर्यंत गेले. आक्काने बुटांकडे पाहिलं, मग भाऊजींकडे पाहिलं, आणि पुन्हा सुईत डोळे घातले.

"ही बरी आहे ना?" भाऊजींनी वहिनीला हळूच विचारलं.

"तयारी चाललीय त्यांची," वहिनी म्हणाली. "बूट काढा, नाहीतर मीच बोलेन, आणि माझी काही तयारी चाललेली नाही."

तयारी म्हणजे उद्या सकाळी चर्चमधल्या मिस्सानंतर आक्का पवित्र मरियेच्या पुढ्यात स्वतःला वाहून घेणार होती. जे काही आपलं म्हणून आहे ते सगळं त्या आईच्या हाती द्यायचं आणि तिच्या हातून तिच्या लेकाच्या पायाशी पोचवायचं. त्यासाठी महिनाभर रोज पहाटे वाचन, मौन, जिभेला लगाम. आज सकाळी पापनिवेदनही करून आली होती. दुकानाचे मालक म्हणजे वहिनीचे यजमान, त्यांची ही थोरली बहीण. नवरा गेल्यावर भावाच्या लाँड्रीत परत आली, रफूची सुई हाती धरली, आणि आई गेल्यापासून घरातल्या सगळ्यांसाठी प्रार्थना करायचं कामही तिच्याचकडे आलं. कुणी दिलं असं नाही. विझत आलेल्या चुलीकडे ज्याचं लक्ष जातं तोच फुंकर घालतो, तसं ते आलं.

पुढे दुकान, मागे घर, आणि दोहोंच्या मधे वाफेने कायम ओलसर असलेली लांबट खोली. तिथे शनिवारी दुपारी दवाखान्याच्या चादरींच्या घड्या होत. मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, एक झटका द्यायचा, मग चालत जवळ यायचं आणि टोकाला टोक लावून पुन्हा मागे सरायचं. वहिनी लग्न होऊन आल्यापासून नणंद-भावजय अशा एकमेकींकडे येत-जात होत्या. भांडण झालेल्या दिवशीही, कारण चादर काही अबोला धरत नाही, आणि घडी घालायची तर तोंडासमोर तोंड येतंच.

"ऐक गं," आक्का म्हणाली. "पाठ झालंय का बघते. उद्या फादरांसमोर माझी बोबडी वळायची. अडखळले तर सांग."

"मला कुठे पाठ आहे?"

"अडखळलेलं कळायला पाठ कशाला लागतं?"

टोमण्याच्या जवळ जाणारं असं काहीतरी ऐकून वहिनीला जरा बरं वाटलं. चादर ताणली गेली. आक्का डोळे अर्धे मिटून म्हणू लागली. माझा देह, माझा जीव. माझ्या हातचं काम, माझ्या डोळ्यांतली नजर. चादरीचा झटका, दोन पावलं पुढे, दोन मागे, आणि त्या तालावर शब्द असे येत होते, जणू पाण्यात हात बुडवून एकेक कपडा वर काढावा. वहिनी अर्धं ऐकत होती. अर्धं मन आतल्या खोलीत पडून असलेल्या गुंडीपाशी होतं.

"आणि माझ्या प्रार्थनांचं, माझ्या बऱ्या कामांचं जे काही पुण्य असेल ते," आक्का म्हणाली, "मागचं, आजचं, पुढचं, सगळं तुझ्या हाती. तुला वाटेल त्याला दे, तुला वाटेल तसं दे. माझा त्यावर हक्क ठेवत नाही."

चादर वहिनीच्या हातून सुटली.

"अगं, धुतलेली आहे ती."

"मागचंही?" वहिनीने विचारलं.

"काय मागचंही?"

"मागचंही देणार तुम्ही? आधी केलेल्या प्रार्थनांचं?"

"सगळं म्हणजे सगळंच ना. एका हाताने द्यायचं आणि दुसरी मूठ मिटून पाठीमागे धरायची, असं कसं चालेल?" आक्काने वाकून चादर उचलली. "ही पुन्हा पाण्यात टाकावी लागणार."

वहिनी चादर घेऊन हौदापाशी गेली.

गुंडी ही तिची एकुलती एक लेक. जन्मली तेव्हा अंगावर घालायच्या कोटाच्या गुंडीएवढी दिसली म्हणून आजोबांनी नाव ठेवलं, ते चर्चच्या दप्तरातल्या नावाला पुरून उरलं. त्या गुंडीची कूस दोनदा भरली आणि दोनदा अर्ध्यात रिकामी झाली. या खेपेला डॉक्टरांनी गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला, जिना चढायचा नाही आणि पडून राहायचं म्हणून बजावलं. जावयाचं घर चौथ्या मजल्यावर, म्हणून ती इथे. दिवस भरत आले होते. टाका अजून काढायचा होता.

डॉक्टरांवर वहिनीचा विश्वास होता. पण टाका एकाने टिकत नाही, हे तिला जन्मभर कपड्यांत राहून ठाऊक होतं. एक डॉक्टरांचा आणि एक आक्काचा. रोज पहाटे भिंतीपलीकडून आक्काची रोझरी ऐकू येई. दहा-दहा मण्यांचे पाच भाग, आणि चौथ्या भागाआधी ठणठणीत आवाजात लेकीचं नाव. ते ऐकूनच वहिनी उठून चहा ठेवायची.

आणि रफू कसा असतो हेही तिने पाहिलं होतं. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागा काढायचा, आणि भोकाच्या जागी आडवा-उभा असा विणायचा की खाली कधी भोक होतं हे शिवणाऱ्यालाही सापडू नये. पण तो धागा कुणी ओढला तर? एकदा मांजराने ओढला होता. कोटाच्या बाहीवर आधी होतं त्याच्या दुप्पट भगदाड.

मागचंही देणार. म्हणजे घातलेला धागा ओढूनच घेणार की.

तिने हौदात चादर तशीच सोडली आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. चहा ठेवला की या घरातले पुरुष न बोलावता येत.

मालक आले, भाऊजी आले. मालक हे नाव कामगारांनी दिलेलं, घरच्यांनी थट्टेने उचललेलं. खरे मालक त्यांचे वडील, नावाने अजून दुकानाच्या पाटीवर होते.

"त्याला आत्मसमर्पण म्हणतात ना?" मालक बशीत चहा ओतत म्हणाले. "पेपरात रोज येतं. दरोडेखोर करतात. शस्त्रं खाली ठेवून हात वर."

"आक्काचं शस्त्र एकच," भाऊजी म्हणाले. "ते तर महिन्यापूर्वीच जमा झालंय."

"हसा तुम्ही," वहिनी म्हणाली. "उद्यापासून त्यांना कुणासाठी म्हणून प्रार्थना करता येणार नाही. म्हणजे करतील, पण ती कुणाच्या वाट्याला जाईल ते त्यांच्या हाती नाही. आणि मागचंही सगळं देऊन टाकणार आहेत."

"देऊ दे की," भाऊजी म्हणाले. "तिची भक्ती, तिचं पुण्य. आपल्या खिशातून काय जातंय? मी तर म्हणतो, इतकी वर्षं दुसऱ्यांचं फाटकं सांधत बसली, आता स्वतःचं काही करतेय तर करू दे."

"तुमच्या गाडीसाठी रोज एक भाग असतो त्यांचा."

भाऊजींची बशी ओठांपाशी थांबली. "माझ्या गाडीसाठी?"

"मग? इतक्या वर्षांत कुणाला साधं खरचटलं नाही, ते काय तुमच्या ब्रेकमुळे वाटलं?"

भाऊजींनी बशी खाली ठेवली. "तसं बघितलं तर," ते म्हणाले, "घाई काय आहे तिला? पुढच्या वर्षी कर म्हणावं. तोवर मी निवृत्त होतोय."

"वळलात लगेच."

"चालकाने वळण आलं की वळावं, वहिनी."

"मी आक्काच्या बाजूने," मालकांनी जाहीर केलं. "माझा भाग तंबाखू सुटावी म्हणून असतो. वर्षानुवर्षं ती तिकडून ओढतेय, मी इकडून. तिने दोरी सोडली तर मला जरा टेकता तरी येईल."

"तुम्ही आक्काच्या बाजूचे नाहीत, तंबाखूच्या बाजूचे आहात," वहिनी म्हणाली. "अहो, मी लेकीचं बोलतेय. आपल्या गुंडीचं."

मालकांना ते मांजर आणि तो कोट आठवला की नाही कोण जाणे, पण त्यांनी बशीतला चहा तसाच कपात ओतला.

आक्का कप धुवायला आत आली. तिघांची तोंडं एकदम बंद झाली, आणि या घरात तिघं एकदम गप्प होण्याचा अर्थ एकच असतो.

"माझंच चाललंय ना," आक्का म्हणाली. "चालू द्या. मी ऐकून न ऐकल्यासारखं करीन. मौन आहे माझं."

वहिनीने ओले हात पुसले. भाऊजींकडे पाहिलं, त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मालकांकडे पाहिलं, त्यांनी कपाकडे. मग तिचं तिलाच बोलावं लागलं.

"आक्का, एवढं बाळ होऊ दे. मग करा काय करायचं ते. मी तुमच्यासोबत येईन, पहिल्या बाकावर बसेन. पण आत्ता नको. जे दिलंय ते परत घेऊ नका."

"परत कोण घेतंय?"

"मागचं म्हणालात."

आक्काने बोलायला तोंड उघडलं आणि वहिनीच्या चेहऱ्याकडे पाहून मिटलं. ती स्टुलावर बसली. सुईने खरखरीत झालेलं बोट दुसऱ्या हाताने चोळत राहिली. मग उठली.

"बरं. उद्या नाही करत. फादरांना सांगून येते, म्हणजे ते वाट बघायचे नाहीत."

"खरंच?"

"तुझ्या पोटात इतकी भीती घालून मी कुणाला काय वाहणार? ती आई आहे. तिलाही नको असेल असलं काही."

आक्का दाराशी जाऊन चपला शोधू लागली. वहिनीचं म्हणणं मान्य झालं होतं. पण जिंकल्यासारखं काही वाटेना. आक्काचा पाय चपलेच्या पट्ट्यात शिरेना, पुन्हा पुन्हा बाजूला पडे, आणि वाकून हाताने सरळ करायचं तिच्या ध्यानातच येत नव्हतं. नवरा गेल्यावर ही बाई रडलेली कुणी पाहिली नव्हती. आत्ताही रडत नव्हती. नुसता पाय चाचपडत होता. ते वहिनीला बघवेना.

"आत्या, जाऊ नकोस."

दाराची चौकट धरून गुंडी उभी होती. एकाच वेळी सगळे ओरडले, बस, उठलीस कशाला, स्टूल दे, अरे स्टूल दे तिला. भाऊजींनी स्टूल पुढे केलं तेव्हा तिच्याआधी मालकच त्याला अडखळले.

"उद्या कर तू," बसून दम घेत गुंडी म्हणाली.

"तू यात पडू नकोस," वहिनी म्हणाली.

"माझ्यावरून चाललंय आणि मी पडू नको? आई, पडूनच तर आहे इतके दिवस." तिने आक्काकडे पाहिलं. "आत्या, राग मानू नकोस. एक सांगू? तू पहाटे माझं नाव घेतेस ना, ते ऐकलं की माझ्या छातीत धस्स होतं. हात आधी पोटावर जातो. वाटतं, काय झालं? काय कळलंय हिला? मग बाळ हललं की जीव भांड्यात. रोज सकाळी हे. सासरी तिकडे सासूबाईंचं चालू, इकडे तुझं, आईचं तर बोलायलाच नको, ती नुसती बघते तरी नवस बोलल्यासारखी बघते. बाळाचं ओझं मला काही नाही गं. तुम्हा सगळ्यांच्या काळजीचं आहे. ते पण मीच वाहतेय."

मालकांनी मोरीतला ठिबकणारा नळ उगाच आवळला.

"मी मुद्दाम मोठ्याने म्हणत होते," आक्का म्हणाली. "भिंतीपलीकडे तुला ऐकू जावं, धीर यावा म्हणून."

"मला वाटायचं, काहीतरी बिघडलंय म्हणून मोठ्याने चाललंय."

आक्काने तिच्याकडे पाहिलं. आधी तिचा चेहरा बावचळला, मग ओठांच्या कडा थरथरल्या, आणि महिनाभर मौनात कोंडलेलं हसू असं फुटलं की तिला भिंत धरावी लागली. गुंडीही हसली, पोट सावरत. भाऊजी हसले ते गुंडी हसली म्हणून. "आणि मी उठून चहा ठेवत होते," वहिनी म्हणाली, आणि स्वतःच्याच वाक्याने तिलाही हसू आलं. हसता हसता डोळे भरले, ते तिने पुसले नाहीत.

"पण आक्का," ती मग म्हणाली, आणि पहिल्यांदाच भांडायला नाही तर विचारायला, "मागचं म्हणजे तुम्ही देणार तरी काय? धागा ओढला की भोक उघडं पडतं ना. त्या मांजराने ओढला तसं."

"असं वाटलं होय तुला." आक्का परत स्टुलापाशी आली. "अगं, गिऱ्हाइकाच्या कोटात घातलेला धागा माझा असतो का? कोट घालून तो माणूस गेला, धागा त्याचा झाला. मला तो मागून मिळायचा नाही आणि दुसऱ्याला देताही यायचा नाही. माझ्याकडे उरतं काय, तर हा कोट मी सांधला, ही फुशारकी. तेवढंच मागचं. ते द्यायचंय मला. पोरगी सुखरूप सुटली तर माझ्यामुळे सुटली, आणि काही झालंच तर मीच कमी पडले. दोन्ही नकोय आता."

"कमी पडलात असं कोण म्हणालं?"

"कुणी नाही. मागच्या दोन खेपांना मीच म्हणाले, माझी मला."

वहिनीला हे ठाऊक नव्हतं. एकाच चादरीची टोकं धरून इतकी वर्षं गेली आणि हे ठाऊक नव्हतं.

"दमले गं मी," आक्का म्हणाली. "कुणाला किती वाढायचं, कुणाचं राहिलं, याला दिलं तर त्याला कमी पडेल का. निजले तरी मनात पंगत चालूच. मरियेच्या हाती पळी दिली की मी सुटले. ती काय गुंडीला उपाशी ठेवणार आहे? तीही लेकुरवाळी." मग तिने मान तिरकी केली. "आई एक गाणं म्हणायची, दोरीवर कपडे घालताना. आठवतं का रे तुम्हाला?"

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. वहिनीलाच आठवलं. सासूबाईंचा खर्जातला आवाज आणि तोंडात धरलेले चिमटे. दोघींनी मिळून म्हटलं, आक्काने पुढे, वहिनीने मागून:

*धुतलं गं पिळलं, माझ्या हातांचं सरलं काम,*
*वाळवील वारा, त्याला कशाला सांगू नाव.*

"मग माझ्या गाडीचं काय?" थोड्या वेळाने भाऊजींनी विचारलं.

"तू हळू चालव," आक्का म्हणाली. महिनाभराची सगळी बाकी त्या तीन शब्दांत होती, आणि घर पुन्हा घरासारखं वाटलं.

रविवारी सकाळी मिस्सा झाल्यावर माणसं पांगली. गुंडीपाशी मालक थांबले होते, वहिनी पहिल्या बाकावर बसली. आक्का मरियेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून बसली. इस्त्रीची पांढरी कॉलर, पाठ एकदम ताठ. फादर बाजूला, हात मागे बांधून. आक्का कुठे अडखळली नाही. दुकानात माप सांगावं तसं तिने सगळं सांगितलं, न सजवता. वहिनी 'मागचं' हा शब्द येण्याची वाट बघत होती. भीती वाटेल म्हणून दम धरून बसली होती. तो आला, पुढचा आला, त्याच्या पुढचा आला, आणि मेणबत्तीवर एक माशी बसू का नको करत राहिली. तेवढंच झालं.

"झालं?" बाहेर आल्यावर वहिनीने विचारलं.

"झालं."

"कसं वाटतंय?"

आक्काने विचार केला. "भूक लागलीय," ती म्हणाली.

जेवण झाल्यावर ती रफूच्या खुर्चीत जरा टेकली ती टेकलीच. दुकान बंद, यंत्रं बंद, उन्हाचा एक चौकोन तिच्या पावलांवर. मान कलली होती, तोंड किंचित उघडं होतं. भरदिवसा झोपलेली आक्का या घराने कधी पाहिली नव्हती. मालक टाचा उचलून येऊन बघून गेले. भाऊजी येऊन बघून गेले. कुणी संग्रहालयात येतं तसे.

आणि तेव्हाच आतून गुंडीची हाक आली. "आई."

त्या हाकेत काहीतरी होतं. वहिनी धावली. गुंडी कुशीवर होती, एक हात उशीत रुतलेला, कपाळावर घाम.

"दुखतंय. इथे. नाही, कळ नाही, माहीत नाही, दुखतंय."

वहिनीचे पाय आपोआप मागे वळले. आक्काला उठवायचं, आणखी काय करायचं असतं? ती दारापर्यंत पोचली. आक्काचा श्वास एका लयीत चालला होता. खांदे असे सैल पडले होते की ते आक्काचेच आहेत यावर विश्वास बसू नये. वहिनीने हाक मारायला श्वास घेतला, आणि तो तसाच सोडला. बाहेर बसलेल्या भाऊजींना तिने खुणेने सांगितलं, दुकानाची गाडी काढून ठेवा. मग ती परत फिरली.

पलंगाच्या कडेला बसून तिने लेकीचा हात धरला. दुसरा हात लेकीच्या पोटावर ठेवला आणि नमो मरिया म्हणायला लागली, हळू, ओठांतल्या ओठांत. एक संपली. दुसरी संपली. नाव घ्यायची जागा आली तेव्हा तिची जीभ अडली. इतकी वर्षं आई म्हणून तिच्या जिभेवर पहिलं तेच नाव यायचं. तिने ते घेतलं नाही. पुढची सुरू केली. हाताखाली पोट दगडासारखं होतं, मग नव्हतं, मग आतून कुणीतरी चांगली जोरदार लाथ मारली, वहिनीच्या तळव्याच्या बरोबर मध्यावर.

गुंडीने डोळे उघडले. "गेलं," ती म्हणाली. "फासळीत पाय अडकवून बसलं होतं. गेलं आई, खरंच गेलं."

दोघी तशाच राहिल्या. पुन्हा येतं का, वाट बघत. आलं नाही. पलीकडच्या खोलीत आक्का बारीक घोरायला लागली होती.

"तू म्हणत होतीस ना आत्ता," गुंडी म्हणाली. "माझं नाव नाही घेतलंस."

"नाही घेतलं."

"मग कुणासाठी म्हटलंस?"

वहिनीने जरा विचार केला. "कुणासाठी असं नाही. ज्याला लागेल त्याला."

"मला पाणी लागेल," गुंडी म्हणाली.

वहिनी हसली, आवाज न करता. पेला घेऊन ती उठली, आणि आक्काच्या पसरलेल्या पायांवरून अलगद पाऊल टाकत माठाकडे गेली.